तीन लांब, एक आखूड

सावेली कुझ्मिचनी टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा मेणकापडावरून असा काही ढकलला, की जॅमची बशी टेबलाच्या कडेला गेली आणि नोन्ना येगोरोव्नाने ती पडता पडता धरली.

“मी कुत्री पाळत नाही,” ते म्हणाले.

“एकच हवंय. आणि पाळायला नाही, बळी द्यायला.”

“मग तर नाहीच नाही.”

नोन्नाने बोटाला लागलेला जॅम चाटला, बशी जागेवर ठेवली आणि गठ्ठा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. लेनिनग्राडच्या एका प्रकाशनगृहात ती कादंबऱ्यांची संपादक होती. लेखकाचा नकार फारसा मनावर न घेणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता, आणि सावेली कुझ्मिच रियाबिनिन यांच्या बाबतीत तर तो निम्म्याहून मोठा भाग होता. माणूस सत्तरीचा, हृदय कुरकुरणारं, स्वभाव तिरसट, आणि लेखणी अशी, की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागावं, पण कुठे लागलं ते त्याला कुणाला दाखवता येऊ नये.

कुत्र्याची युक्ती त्या शहरात लिहिणाऱ्या आणि सिनेमे काढणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होती. जी गोष्ट सेन्सॉरच्या नजरेतून निसटावी असं वाटतं, तिच्यापुढे एक मोठं, पांढरंशुभ्र कुत्रं सोडून द्यायचं. सेन्सॉर ओरडतो, हे कुत्रं इथे कशाला? लेखक हातापाया पडतो, कुत्र्याशिवाय आपली कलाकृती मेलीच म्हणून गळा काढतो, आणि शेवटी डोळे पुसत कुत्रं हाकलतो. त्या गडबडीत मागची गोष्ट गुपचूप आत शिरते. सेन्सॉर खूश, कारण त्याने काहीतरी पकडलं. लेखक खूश, कारण त्याचं काही गेलं नाही. जे गेलं ते मुळात त्याचं नव्हतंच.

तसं पाहिलं तर या कादंबरीत अंगावर येणाऱ्या गोष्टींची वानवा नव्हती. अनेक बिऱ्हाडं राहत असलेल्या एका सामायिक घराचं छत दरवर्षी बोटभर खाली येतं आणि कुणीच तक्रार करत नाही, एवढंच तिचं कथानक. आधी दिवे काढले जातात. मग कपाटांचे पाय कापतात. मग वाकून चालण्याच्या पद्धतीवर व्याख्यानं होतात, आणि ताठ कणा ही जुन्या राजवटीची खोड आहे असं डॉक्टर सिद्ध करतात. शेवटी माणसं रांगत एकमेकांकडे जातात आणि आपलं घर किती ऊबदार आहे यावर बोलतात. विभागप्रमुखांनी हे सगळं वाचून ‘घरबांधणीतील काही उणिवांवरील खेळकर लेखन’ असा शेरा दिला होता. तो शेरा मिळावा म्हणून त्यांच्या सासूबाईंसाठी नोन्नाने चष्म्याच्या काचा कुठून कुठून पैदा केल्या होत्या ते तिचं तिला माहीत.

अडचण छताची नव्हती. अडचण चौदाव्या प्रकरणातल्या एका पानाची होती.

त्या पानावर छत खाली येत नव्हतं, की कुणी हसत नव्हतं. सामायिक घरात दार एक, घंटा एक, म्हणून ज्याची त्याची घंटा ठरलेली असते. कुणाची एकदा, कुणाची दोनदा. वेरा निकोलायेव्नाकडे फ्रेंच शिकायला मुलं येत, म्हणून तिची नवऱ्यापेक्षा वेगळी होती: तीन लांब, एक आखूड. एका पहाटे ती घंटा वाजते. ‘तू झोप, माझीच आहे,’ असं नवऱ्याला सांगून वेरा अनवाणीच दार उघडायला जाते. पुढे एवढंच, की त्यानंतर घरात नवी बिऱ्हाडं आली, घंटा पुरेनाशा झाल्या, कुणाच्या वाट्याला पाच तर कुणाच्या वाट्याला सहा आल्या, पण तीन लांब, एक आखूड कुणी मागितली नाही आणि कुणाला दिलीही गेली नाही.

एकोणीसशे सदतीसच्या धरपकडीत अशा घंटा शहरभर वाजल्या होत्या, आणि दार उघडायला गेलेले परतले नव्हते. मध्यंतरी त्यांच्याबद्दल थोडंफार छापून आलं होतं, तेही आता बंद झालं होतं. वेरा निकोलायेव्ना हे नाव खरं होतं. ती सावेली कुझ्मिचची बायको. तिची कबर कुठे आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाकी वाट्टेल ते कापा, असं त्यांनी पहिल्याच भेटीत नोन्नाला सांगून टाकलं होतं, पण ते पान नावासकट छापा, कुठेतरी एकदा ते नाव छापलेलं असू दे.

“ते पान असंच गेलं, तर तिथल्या तिथे उडेल,” नोन्ना आता म्हणाली. “त्याच्यापुढे काहीतरी ढळढळीत उभं करा. अगदी वाईट लिहा. जेवढं वाईट, तेवढं बरं.”

“मला वाईट लिहायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच संपादक,” सावेली कुझ्मिच म्हणाले. “बाकीचे न सांगता करून घ्यायचे.”

पण गठ्ठा त्यांनी पुन्हा ढकलला नाही.

पंधरवड्याने प्रकाशनगृहात फोन आला. फोन घराच्या सामायिक मार्गिकेत होता, त्यामुळे ते तोंडावर हात धरून बोलत होते. कुत्रं झालंय, म्हणाले, छान भुंकतंय, लगेच या. समोरच्या खोलीतल्या क्लावदिया पोताप्योव्नाने तेवढंच ऐकलं, आणि नोन्ना पोचेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारावर नोटीस लागली होती की रहिवाशांच्या संमतीशिवाय कुणी जनावर आणू नये.

ही बाई युद्धाच्या आधीपासून त्या घरात होती आणि घराचे नियम तिच्या हाडात मुरलेले होते. सावेलीची किटली तिच्या शेगडीवर दिसली तर ती उचलून खिडकीबाहेर ठेवी. तिची घंटा एकदा. ती वाजली तरच ती उठे. दुसऱ्याच्या घंटेला ती घराला आग लागली असती तरी जागची हलली नसती. आपण दार उघडलंच नाही तर आपल्याला कुणी काही विचारत नाही, असं ती म्हणे.

सावेली कुझ्मिचनी प्रकरण वाचून दाखवलं. गृहसमितीचा जुना अध्यक्ष गेलाय आणि नवा कोण हे वरून अजून कळलेलं नाही. अंगणात मुलांनी बर्फाचा माणूस केलाय, त्याच्या डोक्यावर कुणीतरी वरचे अधिकारी घालतात तशी फरची टोपी ठेवलीय. पहिला रहिवासी जाता जाता टोपीला वाकून जातो. न वाकून पुढे पंचाईत नको. दुसरा त्याला बघतो आणि तोही वाकतो. आठवड्याभरात या बर्फाच्या अध्यक्षांना उचलून आत आणतात आणि सभेच्या खुर्चीवर बसवतात. ते बोलत नाहीत, हे खोल विचाराचं लक्षण ठरतं. ते वितळू नयेत म्हणून हीटर बंद होतात, खिडक्या सताड उघड्या राहतात, माणसं जाड लोकरी नमद्याचे बूट घालून झोपतात, आणि थंडी वाजते म्हणणाऱ्याची समजूत घालायला तिघे-चौघे मिळून जातात. मे महिन्यात अध्यक्ष हळूहळू पुढे झुकतात, त्यांचं गाजराचं नाक समोरच्या ठरावावर पडतं, सभा ती सही समजून टाळ्या वाजवते. मग जमिनीवरचं पाणी टिपून बादल्यांत भरतात आणि पुढच्या हिवाळ्यासाठी तळघरात जपून ठेवतात.

त्या वर्षांत टेलिव्हिजनवर थकल्याभागल्या पुढाऱ्यांच्या सभा पाहणाऱ्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. नोन्ना हसून हसून दमली. तिने डोळे पुसले, चहाचा घोट घेतला आणि मग तिचं हसू हळूहळू ओसरलं.

“हे वाईट नाहीये,” ती म्हणाली.

“नाही ना?” सावेली कुझ्मिच खोलीत येरझाऱ्या घालत होते. त्यांचे कान लाल झाले होते. “तिसऱ्या रात्रीपासून मलाच आवरेना. इतकं भराभर मी तिशीत लिहायचो.”

“सावेली कुझ्मिच, हे मरणार आहे. त्यासाठीच आहे.”

“बघू,” ते म्हणाले, आणि त्या एका शब्दाने नोन्नाचा जीव टांगणीला लागला.

पुढचे दोन महिने तिला चैन पडलं नाही. टंकलेखिकेने हस्तलिखिताच्या चार प्रती काढायच्या होत्या, तिने अध्यक्षांच्या प्रकरणाच्या किती काढल्या ते विचारण्यात अर्थ नव्हता. विभागप्रमुख जिन्यावर दिसले की कुणीतरी हळूच म्हणे, खिडक्या उघडा. एकदा भाजीच्या रांगेत पुढच्या दोन अनोळखी बायका गाजराच्या नाकाबद्दल कुजबुजताना तिने ऐकल्या. तिला आनंद झाला, आणि लगेच ती भाजी न घेताच रांगेतून बाहेर पडली. कुत्रं सेन्सॉरच्या आधी गावाने पाहिलं होतं.

मार्चमध्ये सावेली कुझ्मिचच्या छातीत दुखून आलं. नोन्ना संत्री घेऊन भेटायला गेली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि मांडीवरच्या पाटावर अध्यक्षांचं प्रकरण होतं. तो एकच मजकूर ते तिसऱ्यांदा घासूनपुसून काढत होते. चौदाव्या प्रकरणाकडे त्यांनी महिनाभर पाहिलं नव्हतं. ती निघाली तेव्हा ते पानांवरून नजर न उचलता म्हणाले:

“एक काहीतरी जाणारच असेल, तर बर्फ राहू द्या.”

नोन्ना कोटाची बटणं लावत होती. तिचा हात थांबला.

“आणि वेरा निकोलायेव्ना?”

त्यांनी संत्र्याची साल सोलायला घेतली. साल मध्येच तुटली. ते पुन्हा वरून सोलू लागले.

“वेराने इतकी वर्षं वाट पाहिली. आणखी थोडी पाहील. तिचं ते पान फक्त माझं आहे, नोन्ना येगोरोव्ना. बर्फ सगळ्यांचा आहे. मी आता किती दिवस आहे? लोक ज्याला हसले, ते मागे राहू दे.”

तिला राग आला. जिना उतरताना ती त्यांच्यावर रागावली होती, रस्त्यावर आली तेव्हा स्वतःवर. कुत्रं आणा असा हट्ट कुणी धरला होता? म्हाताऱ्याला मरणाच्या दारात तारुण्याची चव दाखवली ती तिनेच. आता तोंडातला घास टाकून दे म्हणून त्याला कुणी सांगायचं? आणि का सांगायचं? पुस्तक त्याचं, बायको त्याची. संपादकाचं काय?

एप्रिलमध्ये नेवा नदीवरचा बर्फ फुटायला लागला आणि तिला बोलावणं आलं. लेखकांना सेन्सॉरला भेटायची परवानगी नव्हती. खरं तर सेन्सॉर नावाचा माणूसच कागदोपत्री कुठे नव्हता. जे काही ऐकायचं ते संपादकाने जाऊन ऐकायचं आणि लेखकाला स्वतःचं मत म्हणून सांगायचं.

हा कागदोपत्री नसलेला सेन्सॉर, अर्काडी फोमिच, पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस होता. कोटाच्या कोपरांवर चामड्याची ठिगळं. त्याच्या टेबलावर सुश्कींची, म्हणजे कडक, गोल पावाच्या कड्यांची माळ पडलेली असे. आलेल्याला तो आधी एक कडं द्यायचा आणि ते चावण्यात समोरच्याचं तोंड अडकलं की बोलायला लागायचा.

“हा बर्फाचा अध्यक्ष,” तो म्हणाला, “कुत्रं आहे ना?”

नोन्नाच्या दाताखाली सुश्की होती. तिला नाही म्हणता आलं नाही.

“चावा, सावकाश चावा. मी इतकी कुत्री पाहिलीत की आता भुंकण्यावरून मालक ओळखतो. पण हे हो फार गुणी जनावर आहे. माझ्याच्याने मारवत नाही.” त्याने हस्तलिखिताच्या गठ्ठ्यावर हळूच थाप मारली. “आता वर मला काहीतरी कापलेलं दाखवावंच लागणार. नाहीतर म्हणतील, अर्काडी फोमिच डुलक्या काढत होता. अध्यक्षांची मी सोय लावतो. हे घर बेल्जियममध्ये आहे असं एक वाक्य टाकून द्या.”

“सगळ्यांची नावं रशियन आहेत.”

“असू द्यात. बेल्जियममध्येही कुणी प्रोखोर असेल.” मग त्याने गठ्ठ्यातून एक पान ओढून तिच्यापुढे ठेवलं. “आणि त्या बदल्यात हे घेतो. एकच पान आहे. ना छत, ना हसू. आधीचं वाक्य पुढच्याला जोडलं तर टाकाही दिसणार नाही. मुरलेल्या संपादक आहात, तुम्हीच सांगा, हे कादंबरीत बसतं का?”

बसत नव्हतं. हे तिला पहिल्या वाचनापासून माहीत होतं. सगळी कादंबरी नाचत होती आणि हे पान मध्येच भिंतीला टेकून उभं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने स्वतःच त्यावर काट मारली असती. लेखकाची परवानगी होती. अर्काडी फोमिचची इच्छा होती. तिने नुसती मान हलवली असती तरी सगळे सुखी झाले असते. तिने तोंडातला सुश्कीचा तुकडा गिळला, तो घशाला खरचटत खाली गेला.

“अध्यक्ष कापा,” ती म्हणाली.

“काय?”

“कुत्रं म्हणूनच आणलंय ते. घ्या तुम्ही. हे पान राहू दे.”

अर्काडी फोमिचने तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने चष्मा पुसला आणि पान पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश. बाहेर छपरावरून बर्फाचा एक मोठा थर घसरून अंगणात पडला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“दारावर कोण आलंय ते इथे लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“साल पण नाही.”

“नाही.”

“पहाटे कोण येतं दारावर?”

“तारवाला येतो,” नोन्ना म्हणाली.

“तारवाला.” त्याने तो शब्द तोंडात घोळवला. “हं. येतो खरा.” समासात पेन्सिलीने त्याने बारीक अक्षरात तसं लिहिलंही, उद्या वर कुणी विचारलं तर असावं म्हणून. मग तो पान खाली ठेवायचं विसरून तसाच बसला.

“आमच्या दारावर दोन लांब, दोन आखूड कुणाचीच नव्हती,” तो म्हणाला. “लहानपणी मला वाटायचं, तशी घंटा नसतेच.”

त्याने पान गठ्ठ्यात चौदाव्या प्रकरणात परत सरकवलं, कडा बोटांनी नीट जुळवल्या, आणि अध्यक्षांचं प्रकरण काढून त्यावर लाल पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. तिला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

“ही माझ्याकडची चौथी प्रत आहे. कार्बन पुसट आलाय. तुमच्याकडे अध्यक्षांची पहिली प्रत असेल तर... बायकोला वाचून दाखवायची होती.”

ती ट्रामच्या थांब्यावर उभी राहिली, पण दोन ट्राम गेल्या तरी चढली नाही. मग चालतच निघाली. वाटेत ती सावेली कुझ्मिचना सांगायची वाक्यं जुळवत होती. बर्फाची काळजी करू नका, त्याच्या इतक्या प्रती फिरतायत की पुस्तकाची त्याला गरजच नाही. हे खरं होतं. सेन्सॉरचं घरही आता त्यातच आलं होतं. हसू आपलं आपण घरोघरी पोचतं, नावाला मात्र छापखाना लागतो. हेही खरं होतं, पण सगळं नंतर सुचलेलं होतं. त्या टेबलाशी तिला यातलं काहीएक सुचलं नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले होते. माझं पुस्तक, माझी बायको, तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं तर काय सांगणार? आणि त्यांनी विचारलंच नाही, नुसती छाती धरून खाली बसले तर?

वितळलेला बर्फ तिच्या बुटांत शिरला होता. पुलावर तिने एका फुलवालीकडून मिमोझाच्या पिवळ्या फुलांची डहाळी घेतली, दहा पावलं पुढे गेल्यावर तिला ती फुलं मयताला आणल्यासारखी वाटली, आणि तिने ती कठड्यावर ठेवून दिली.

चौथ्या मजल्यावर त्या घराच्या दाराशी ती धापा टाकत थांबली. दाराच्या चौकटीवर नावांच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीपुढे आकडा. सगळ्यांत जुनी, पिवळी पडलेली: रियाबिनिन, दोनदा. तिच्या खाली चौकटीला दोन खिळ्यांची भोकं होती आणि त्यांच्यामधला रंग बाकी दारापेक्षा गडद होता. इतक्या वर्षांत ती शंभरदा या दारातून आत गेली असेल. ती भोकं तिने आज पाहिली.

तिने दोनदा वाजवायला बोट उचललं. वाटेत जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तिला आठवेना. पान राहिलं हे कसं सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने? तिचं बोट बटणावर टेकलं, आणि टेकलेलंच राहिलं. एक लांब. दुसरी लांब. तिसरी. मग एक आखूड.

शेवटची वाजून थांबली तेव्हा आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने बोट झटकन मागे घेतलं. आत कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तो बंद झाला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. इतकी शांतता त्या घरात तिने कधी ऐकली नव्हती.

दार क्लावदिया पोताप्योव्नाने उघडलं.

तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. ती नोन्नाकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून ती जिन्याकडे पाहत होती, आधी खाली, मग वर.

“कोण होतं?” तिने विचारलं.

“मीच,” नोन्ना म्हणाली. “माफ करा. मी...”

“शेवटची फारच आखूड दिलीस, बाई.” क्लावदिया पोताप्योव्नाचा आवाज किटलीवरून भांडणाऱ्या बाईचा नव्हता. “वेराकडची पोरं ती जराशी ओढायची.”

तिच्या मागे मार्गिकेत, स्वतःच्या खोलीच्या दारात सावेली कुझ्मिच उभे होते. एका पायात सपात होती, दुसरा पाय नुसता मोज्यात. एक हात भिंतीवर होता. त्यांचा चेहरा नोन्नाला नीट दिसत नव्हता, आणि आपल्याला तो दिसावा की नाही हेही तिला कळत नव्हतं.

“पान राहिलं,” ती एका दमात म्हणाली. “नावासकट.”

त्यांनी विचारलं:

“आणि बर्फ?”

“गेला.”

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं,” नोन्ना म्हणाली. “मी ऐकलं नाही.”

सावेली कुझ्मिच भिंतीला धरून पुढे आले. वाटेतल्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि फटीतून कुणीतरी पाहत होतं. क्लावदिया पोताप्योव्ना बाजूला सरकली, पण गेली नाही. पिठाचे हात तिने अंगापासून दूर धरले होते. ते उंबऱ्याशी आले, तेव्हा नोन्नाला त्यांचा श्वास ऐकू आला. तिने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

“बाहेर व्हा,” ते म्हणाले.

तिला ते अपेक्षितच होतं. तिने मान खाली घातली आणि एक पायरी मागे सरली.

“दार ओढून घ्या. आणि पुन्हा वाजवा, तशीच.” ते दाराच्या कडीकडे पाहत होते. “या वेळी मी उघडतो.”

नोन्नाने दार ओढून घेतलं. खटका बसल्याचा आवाज आला. दारापलीकडे एक सपात आणि एक मोजा फरफटत मागे गेले, मार्गिकेच्या पार टोकाला, त्यांच्या खोलीपर्यंत. ती थांबली. मग तिने बटण दाबलं, तीन लांब, आणि शेवटची जराशी ओढून.